माझ्या डबीतली दुसरी

मी एक जुना माउथ ऑर्गन आहे. मित्रांनो, आधीच कबूल करतो, मी मत्सराने जळतो आहे. पत्र्याच्या वस्तूला कसला मत्सर, असं म्हणू नका. माझ्या पोटात पितळेच्या बारीक पट्ट्या आहेत आणि त्या दुसऱ्याच्या श्वासावर हलतात. असं परक्या श्वासावर जगणाऱ्याचं मन मोठं कसं असणार?

मला आधी वाजवायचा तो मामा, लिफ्ट दुरुस्त करणारा. जेवणाच्या सुट्टीत लिफ्टच्या रिकाम्या बोगद्यात तळाशी उभा राहून तो सूर सोडायचा आणि सूर सात मजले चढून जायचा. वरून एखादी बाई ओरडायची, "लिफ्ट राहू दे, आधी गाणं पुरं कर!" मामाचा एकच नेम होता, चूळ भरल्याशिवाय मला ओठांना लावायचं नाही. नऊ वर्षांच्या भाचीच्या हाती त्याने मला दिलं, तेव्हा नेमही दिला. ती एका श्वासात वीस आकडे होईपर्यंत सूर धरायची. मामा म्हणायचा, "छाती आहे की लोहाराचा भाता!"

मग ती चौदाची झाली आणि माझ्या डबीत, माझ्या लाल मखमलीवर, एक गुळगुळीत निळी कांडी येऊन निजली. ई-सिगारेट. वास स्ट्रॉबेरीचा. मी बाई असतो तर तिला सवतच म्हटलं असतं! डबी उघडली की मी आशेने सरसावायचो आणि बोटं तिला उचलायची. तेच ओठ, तोच श्वास, आणि सूर नाही की ताल नाही, नुसती वाफ. त्यावर कळस म्हणजे, वास जावा म्हणून पोरगी नंतर चूळ भरायची. माझ्या वाट्याची चूळ!

मामाला वाटलं, भाची गुपचूप सराव करते. "लबाडे, रोज चूळ भरताना बघतो हं तुला. आता ऐकव की!" असं म्हणत कौतुकाने त्यानेच डबी उघडली.

"हे काय गं?"

"सगळेच ओढतात, मामा. जगभर. नुसती वाफ असते."

"वाचलंय मी. कितीतरी देशांत मोठ्यांपेक्षा तुमच्या वयाचीच मुलं जास्त ओढतात म्हणे. पण नुसती वाफ, तर लपवलीस कशाला?"

मामाने मला पुढे केलं. "वाजव. मी मोजतो."

तिने चूळ भरली, मला ओठांना लावलं. आठला सूर तुटला आणि खोकल्याची उबळ आली. मामाने नऊ म्हटलंच नाही.

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. पण तुटलेला तो सूर माझ्याच पोटातला होता.

कांडी तिने आपणहून मामाच्या हातावर ठेवली. लगेच सुटली असं नाही. दोनदा मैत्रिणीकडची ओढली, दोन्ही वेळा रडत येऊन सांगितलं. मामा म्हणाला, "नेम मोडला तर पुन्हा धरायचा, सोडायचा नाही." आता रोज संध्याकाळी चूळ, मग मी. काल अकरा झाले.

मखमलीला अजून तो वास येतो आणि माझा जळफळाट होतो. मित्रांनो, मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. देवाने दिलेला श्वास असा वाफेवर उधळू नका, जपा. मी अजून बाराची वाट बघतो आहे.