कुमूचा अंगठा

ऊर्मी पोटात असताना दर्शनने स्वतःहून कुमुदिनीचा अंगठा आपल्या फोनमध्ये नोंदवून ठेवला होता. "अचानक कळा सुरू झाल्या आणि मी अंघोळीला असलो, तर माझाच फोन उघड," म्हणाला होता. ऊर्मी आता सात महिन्यांची झाली. कुमुदिनीने तो अंगठा एकदाही लावला नव्हता. पण दर्शन फोन घेऊन बाल्कनीत गेला की तिचे कानही मागोमाग जात. संयुक्ता. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातली. रोज एवढं काय बोलायचं असतं?

आणि आज चेन्नईतल्या अण्णा नगरच्या त्यांच्या घरात पोलीस आले होते. दर्शनच्या कंपनीने ग्राहकांची खासगी माहिती विकल्याचे कागद कुणीतरी वर्तमानपत्राला दिले होते. कुणी दिले, ते दर्शनच्या फोनमध्ये सापडेल असा पोलिसांचा संशय. फोन त्यांनी ताब्यात घेतला, पण उघडणार कसा?

"वकील येईपर्यंत फोनचे आकडे सांगणार नाही," दर्शन हॉलमधून तिसऱ्यांदा म्हणाला. "त्यात दुसऱ्या माणसांचं बोलणं आहे. ते मी कसं देऊ?"

दुसऱ्या माणसांचं! कुमुदिनीने मोरीत ऊर्मीचा लंगोट असा पिळला, जणू कुणाची मानच.

सब-इन्स्पेक्टर अलमेलू फोन घेऊन तिच्यामागे येऊन उभी राहिली. बाई तंजावरच्या जुन्या मराठी घरातली. मराठीच बोलायची, पण तमिळ हेल काढून.

"अक्का, लपवायला काही नसेल तर माणूस एवढा अडून बसतो का?"

"मला नका विचारू."

"मग कुणाला विचारू? बायकोलाही हात लावू देत नाही वाटतं फोनला?"

टोमणा नेमका वर्मी बसला. "देतो की!" कुमुदिनीने हात ओढणीला पुसला आणि अंगठा टेकवला. फोन नुसता थरथरला. पुन्हा टेकवला. नाही. तिसऱ्यांदाही नाही.

म्हणजे मला काढून टाकलं. आणि तिला जपलंय.

आकडे तिला ठाऊक होते. ऊर्मीला पाजता पाजता तिने त्याची बोटं सात महिने पाहिली होती.

"नऊ, एक, एक, चार, सात, शून्य."

हॉलमध्ये खुर्ची सरकली. "कुमू, नको!"

तोवर फोन उघडला होता. अलमेलूचं बोट झरझर फिरलं आणि थांबलं. तिने मोठ्याने वाचलं, "संयुक्ता. 'कागद मी दिले हे कळलं तर माझी नोकरी जाईल, कदाचित जेलही. कुमुदिनीला तरी सांग रे, बिचारीला भलतंच वाटत असेल.'"

नाव लिहून घेऊन पोलीस जिना उतरले. दर्शन दारातच उभा होता. रागावलासुद्धा नाही.

"तुझा फोन दे," तो म्हणाला. "हे लोक पोचायच्या आत संयुक्ताला सांगायला हवं."

कुमुदिनीने घाईघाईने स्वतःच्या फोनवर अंगठा टेकवला. उघडला नाही. लंगोट धुऊन धुऊन अंगठ्याची सालटं निघाली होती. गेले आठ दिवस ती हाही फोन आकडे दाबूनच उघडत होती.