माझ्या तोंडाशी आलेले हात

मी चारा कापायची एक जुनी मशीन आहे. लोक मला कुट्टीमशीन म्हणतात. माझं रूप काही बघत बसावं असं नाही. चार लोखंडी पाय, माणसाच्या छातीला येईल एवढं चाक, चाकाला दोन वाकडी पाती आणि पुढे एक लांब पन्हळ. पन्हळीतून चारा आत सारायचा, चाक फिरवायचं, आणि मी त्याची बारीक कुट्टी करून पलीकडे टाकते. मला तोंड आहे, दात आहेत, पोट तेवढं नाही. जन्मभर चावत आले, पण एक घास माझ्या वाट्याला आला नाही. मित्रांनो, ही तक्रार नव्हे हं. माझी खरी तक्रार पुढे आहे, आणि ती माझ्याच विरुद्ध आहे.

एका ओतशाळेत माझा जन्म झाला. तापून पातळ झालेलं लोखंड साच्यात ओतलं, ते निवलं, आणि मी झाले. एका कारागिरानं कानशीनं माझ्या पात्यांना धार लावली आणि धारेवरून अंगठा फिरवून म्हणाला, "वा! नुसता वारा कापेल ही." मी फुशारून गेले. धारेचं कौतुक ऐकायला कुणाला आवडत नाही?

मला विकत घेतलं ते आजोबांनी. तेव्हा ते आजोबा नव्हते. भरघोस मिशांचा, दणकट दंडांचा तरुण गडी होता. गोठ्यात चार गाई, आणि घरातल्या बायका विळ्यानं चारा कापून कापून मेटाकुटीला आलेल्या. मी आले आणि दोन तासांचं काम पाऊण तासात उरकू लागलं. शेजारीपाजारी बघायला यायचे. आजीनं तर पहिल्या दिवशी माझ्या चाकावर हात ठेवून "बाई गं, सुटले!" म्हटलं. ते माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस.

माझ्या कामाला दोन माणसं लागत. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं चारा सारायचा. फिरवायला ताकद हवी, सारायला नुसते हात पुरतात. म्हणून मोठ्यानं फिरवायचं आणि पोरानं सारायचं, असं ठरूनच गेलं. पण कोणत्या पोरानं? त्यासाठी आजोबांनी स्वतःचं एक माप काढलं होतं. पोराला पन्हळीपाशी ताठ उभं करायचं. हनुवटी पन्हळीच्या काठावर टेकली, की पोरगं कामाला लायक झालं. वय कुणी विचारत नसे.

त्यांच्या मुलाची हनुवटी दहाव्या वर्षी टेकली. अंगानं उफाड्याचा होता ना! केवढा आनंद झाला त्याला. शाळेतून आला, की दप्तर भिरकावून थेट माझ्यापुढे हजर. आजोबा चाक फिरवायचे, तो चारा सारायचा, आणि दोघं मिळून काहीतरी गुणगुणायचे. वाईट मनाचं त्या गोठ्यात कुणी नव्हतं, हे आधी ऐकून ठेवा.

एका संध्याकाळी चारा ओला होता. पेंढी अडकली. मुलानं ती हातानं पुढे रेटली आणि ती एकदम सुटली. आजोबांनी चाकाची मूठ तिथल्या तिथे सोडली. पण मित्रांनो, माझं चाक जड आहे. मूठ सोडली तरी ते एक-दोन फेरे घेतंच. त्या फेऱ्यात मी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली.

मला थांबता आलं नाही. एवढंच मी सांगू शकते.

जखम भरली. पण आजोबा जेवेनात, बोलेनात, मुलाकडे बघेनात. बापाची ही दशा त्या दहा वर्षांच्या पोराला बघवेना. कुणीतरी विचारलं, "काय रे, बोटांना काय झालं?" तर पोरगं पटकन म्हणालं, "दारात चेंगरली." आजोबांनी मान खाली घातली. त्या दिवसापासून घरात तीच गोष्ट खरी झाली. शाळेत दार, सोयऱ्याधायऱ्यांत दार, लग्न ठरवतानाही दारच. आजी तोंड मिटूनच देवाघरी गेली. बिचाऱ्या दाराच्या माथी माझं पाप बसलं.

वर्षं सरली. मुलगा बाप झाला, दुधाची गाडी चालवू लागला. आजोबांचा खांदा धरला, तेव्हा मला मोटार बसवली. आता बटण दाबलं की मी गरगर फिरते. चारा सारायचं काम सून करायची. माझा हिरवा रंग उडाला, तेलपाणी महिन्यातून एकदा होईना, पाती बोथट झाली तरी कुणाचं लक्ष नव्हतं. आणि या घरात एक नात वाढत होती. घरभर तुरुतुरु धावायची म्हणून तिचं नाव पडलं तुरतुरी.

पोरगी गुणाची. वासराला पाणी पाजणं, कुट्टीची टोपली भरणं, गव्हाण झाडणं, सगळं हौसेनं करायची. फक्त दाराला भारी घाबरायची. गोठ्याचं दार ती दोन्ही हातांनी, फुलाच्या पाकळीला लावावा तसा हात लावून मिटायची. बाप दारातून आत आला की ओरडायची, "बाबा, दार! बोटं!" आणि तीच पोरगी दुपारी स्टुलावर चढून माझ्या पन्हळीवर वही ठेवून गणितं सोडवायची. माझ्या तोंडात हात घालून मांजरीचं पिल्लू बाहेर काढायची! माझ्या अंगातलं लोखंड गार पडायचं. पण मला बोलता कुठं येतं?

ती बारा वर्षांची झाली. सुनेला दूध संकलन केंद्रात काम मिळालं आणि चारा सारायला माणूस उरलं नाही. आजोबांना डोळ्यांनी नीट दिसेना. एके दिवशी त्यांनी नातीला पन्हळीपाशी उभं केलं. हनुवटी टेकली.

"झाली की गं माझी वाघीण मोठी! रविवारपासून तू सारायचं," आजोबा म्हणाले. तुरतुरीनं जागच्या जागी चार उड्या मारल्या. सुनेनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा आपल्या हाताकडे बघत होता. पण बोलायचं, तर बापाला नातीपुढे उघडं पाडायचं. तो नुसता "बघू" म्हणाला आणि गाडी काढून गेला.

शनिवारी कामगार खात्याच्या बाई आल्या. नवा नियम आला होता आणि घरोघर जाऊन तो समजावायचा होता. बाई गोठ्यात स्टुलावर बसल्या, आणि आमची तांबडी गाय त्यांची फाइल चाटू लागली.

आजोबा आधीच तापलेले. "म्हणजे आता माझ्या नातीनं वासराला पाणी पाजायचं की नाही, हे सरकार ठरवणार? आमची पोरं काय आम्ही मजूर म्हणून आणलीत? काम शिकली नाहीत तर उद्या खातील काय, तुमचे कागद?"

"आजोबा, पाणी पाजू दे की तिला," बाई गाईच्या तोंडातून फाइल ओढत म्हणाल्या. "शाळा सांभाळून घरची हलकी कामं करायला कुणाची ना नाही. मी पण केलीत. पण पात्याच्या आणि मोटारीच्या मशीनवर चौदा वर्षांखालचं मूल नको. एवढंच." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मला वाटलं, चला, कुणीतरी ओळखलं मला.

पोचपावतीवर तुरतुरीच्या बाबांनी सही केली. बाईंनी त्यांचा हात बघितला. "ही बोटं कशानं गेली?"

बाबांच्या आधी तुरतुरीच बोलली. "दारात चेंगरली. म्हणून मी दार हळू लावते."

"हो," बाबा म्हणाले. आजोबा गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बाईंनी कागद दिला आणि त्या पुढच्या घरी गेल्या. आजोबांनी कागद घडी करून माझ्या मोटारीखाली सारला.

रविवारी सकाळी मुलगा दूध घेऊन गेला, सून केंद्रात गेली. आजोबा नातीला म्हणाले, "चल गं. बाई गेली तिच्या घरी. आपल्या गाई उपाशी ठेवायच्या का आपण?" हट्ट, दुसरं काय! तुरतुरीनं केस बांधले, बाह्या दुमडल्या आणि पेंढी उचलून ती माझ्यापुढे उभी राहिली. तेवढ्याच उंचीवर, तसेच हात. मी मनातल्या मनात सगळ्यांचा धावा केला. वीज जाऊ दे, पट्टा तुटू दे, काहीही होऊ दे.

आजोबांचं बोट बटणावर होतं. सवयीनं ते म्हणाले, "बोटं सांभाळ हं."

तुरतुरीनं वळून बघितलं. तिला खरंच कळलं नव्हतं. "पण आजोबा, इथं दार कुठं आहे?"

आजोबांचा हात तसाच राहिला. त्यांनी बटण सोडलं, भिंतीवरचा प्लग उपटला आणि चाऱ्याच्या ढिगावर मटकन बसले.

"दार नव्हतं गं," ते म्हणाले. "दार कधीच नव्हतं. ही होती. आणि चाक मी फिरवत होतो."

तुरतुरीच्या हातातली पेंढी खाली पडली. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मग तिनं आजोबांकडे बघितलं आणि घरात निघून गेली.

बाप परत आला तेव्हा आजोबा तिथंच होते. "लेका, मी सांगितलं तिला."

"कशाला अण्णा? इतकी वर्षं गेली..."

"तू दहा वर्षांचा होतास, तरी माझी लाज झाकलीस. मी एवढा मोठा माणूस, पण तुला झाकू दिली." आजोबांनी मुलाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. इतक्या वर्षांत तो हात त्यांनी कधी धरला नव्हता. दोघंही रडले. मोकळेपणानं, आवाज करून रडले.

तुरतुरी आठवडाभर आजोबांशी बोलली नाही. आठव्या दिवशी वासराला पाणी पाजता पाजता म्हणाली, "आजोबा, तुमचा चहा गार होतोय." एवढ्यावर आजोबांना आभाळ ठेंगणं झालं. आता चारा बाबा सारतात, दूध पोचवून आल्यावर. माझ्या तोंडावर लोखंडी जाळी बसली आहे. गाईंना अर्धा तास उशिरा खायला मिळतं, त्या हंबरून घर डोक्यावर घेतात, पण उपाशी कुणी राहिलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, तेल द्या, अडगळीत टाकू नका. मी तसलं काही मागत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिनं काय केलं ते मोठ्या माणसांना विचारा. आणि मोठ्यांनो, तुम्ही खरं सांगा. कामाची हौस असलेली मुलं फार गोड असतात. त्यांना टोपली द्या, वासराचं दावं द्या. फक्त माझ्या तोंडाशी उभं करू नका. मला विसरलात तर मी गंजेन, दुसरं काय होणार? गंज घासला की निघतो. बोट पुन्हा येत नाही.