मोठ्या डोक्याचा मुंगळा

माझ्या नवऱ्याच्या नावाचा एक मुंगळा होता. मुंगळा अजूनही आहे, माझ्या खिडकीत काचेच्या पेटीत त्याचं अख्खं खटलं नांदतंय. नाव तेवढं गेलं. आणि ते घालवायला माझेच हात वापरले गेले, मला न विचारता.

नवरा संग्रहालयात ड्रायव्हर होता, किड्यांच्या विभागाची जीप चालवायचा. जीप रानात पोचली की ड्रायव्हरचं काम संपतं, पण त्याला बसून राहायचा कंटाळा. विभागाचे प्रमुख जाळी घेऊन पुढे चालायचे, हा बाटल्या घेऊन मागे. प्रमुखांना सगळे सर म्हणायचे. झाडावर चढणं सरांना जमायचं नाही, त्यामुळे ते काम आपसूक याच्या गळ्यात पडलं.

त्या दिवशी एका वाळलेल्या झाडाच्या ढोलीशी सरांना मोठ्या डोक्याचे मुंगळे दिसले. हे मुंगळे लाकूड खात नाहीत, कोरतात. सुतारासारखी आत दालनं काढतात आणि भुसा बाहेर टाकतात. सर खालून ओरडले, "बारके नकोत, मोठेच आणा." त्यानं मोठे वेचून बाटलीत भरले, बाटली खिशात टाकली, आणि उतरताना फांदी त्याच्यासकट खाली आली. वरून धडधाकट, आतून पोखरलेली. बाटलीला साधा तडाही गेला नाही.

मुलगी तेव्हा रांगत होती.

काही महिन्यांनी सर घरी आले. दारात त्यांनी चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. मग एक छापील कागद माझ्यापुढे धरला.

"वहिनी, हा मुंगळा आजवर कोणाला माहीत नव्हता. नवी प्रजाती आहे. मी तिला तुमच्या यजमानांचं नाव दिलंय."

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. नाव त्याचंच, फक्त शेवटी एक अक्षर जास्तीचं. शास्त्रात तशी रीत आहे म्हणाले.

"हे आता कायमचं," सर म्हणाले. "जगात कुठेही हा मुंगळा सापडला, तरी याच नावानं ओळखला जाणार."

नवऱ्याची नोकरी तात्पुरती होती, त्यामुळे त्याच्यामागे बाकी काही मिळण्यासारखं नव्हतं. मला संग्रहालयात झाडलोटीचं काम मिळालं आणि हे नाव मिळालं.

नावाचा थाट मात्र होता. माझी नणंद तर कोणाशी भांडण झालं की कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "आमच्या भावाच्या नावाचा मुंगळा आहे, सगळ्या जगात चालतो. तुमच्यात कोणाच्या नावाचा डास तरी आहे का?" समोरची बाई पदर खोचून चालती व्हायची.

मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पाटीवर मीही गिरवायला बसले. आपली अक्षरं झाली, मग परकी शिकले. कारण एकच, किड्यांच्या दालनातल्या एका खणावरची चिठ्ठी मला स्वतः वाचायची होती. ज्या दिवशी ती वाचली त्या दिवशी हातातलं फडकं हातातच राहिलं. आत टाचणीवर तेच मुंगळे होते, त्याच्या खिशातले. एका मुंगळ्याच्या टाचणीला लाल चिठ्ठी. ज्याला बघून नाव ठरलं तो हाच, असा त्याचा अर्थ. सुट्टीच्या दिवशी मी लेकीला तिथे न्यायची. बापाचा फोटो घरात एकच, तोही पुसट. हे मुंगळे मात्र लख्ख होते.

त्यातूनच ती मुंग्यांकडे वळली, असं मी सगळ्यांना सांगायची. ती मुंग्यांवर शिकली, त्याच संग्रहालयात त्याच विभागात लागली. तिचीही नोकरी तात्पुरतीच. घरात तेवढी एक परंपरा.

तीन वर्षांपूर्वी पाऊस थांबल्यावर ती रानातून एक काचेची नळी घेऊन आली. आत एक राणी, पंख गळालेली, पोटाशी थोडी अंडी.

"आई, ही तुझ्याकडे ठेव. मी सारखी दौऱ्यावर असते, हिला साखरपाणी कोण घालणार?"

"आणि मला कोण घालतं?"

"तुला मी घालते ना! एवढं कर. हिच्या पोरांना कधीमधी मेलेली माशी टाकायची, बस्स."

मी म्हटलं, नातवंडं तर दिसत नाहीत, निदान हे सांभाळू. बोललेही तसंच. ती हसली आणि विषय बदलला.

राणीची पहिली पोरं अगदीच बारकी निघाली. अंगावर धुळकट तपकिरी रंग, चहा सांडून पुसलेल्या फडक्यासारखा. नळीतून पेटीत आली, वाढत गेली. कापसाचा बोळा साखरपाण्यात भिजवायचा, वाळला की बदलायचा, पेटीच्या काठाला तेल लावायचं म्हणजे बाहेर येत नाहीत. मला त्यांची सवय लागली. कोणाला बोलायचं असलं की त्यांनाच बोलायची. उलटून बोलत नाहीत, लेकीपेक्षा बरी.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी बोळा बदलताना हात थांबला. त्या बारक्यांच्या गर्दीत एक मोठं डोकं होतं. लाडवासारखं गरगरीत, काळं, जबडा सुताराच्या पकडीसारखा. चालतानाही डोकं जड झाल्यासारखा चालत होता. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आयुष्यभर ज्या खणावरची धूळ झटकली, त्यातला मुंगळा मी ओळखणार नाही?

लेक अंघोळ करत होती. मी दार वाजवलं. "अगं बाहेर ये! आले गं, आपले आले! तुझ्या बाबांचा मुंगळा आलाय!"

ती ओल्या केसांनी धावत आली. पेटीवर वाकली. किती तरी वेळ वाकूनच राहिली. मला वाटलं, रडतेय.

"आई," ती म्हणाली, "हा यांचाच भाऊबंद आहे. सगळी एकाच राणीच्या पोटची."

"मग?"

"या बारक्यांना फार पूर्वी कोणीतरी नाव दिलंय. त्यानं फक्त बारकेच पाहिले होते. सरांनी फक्त मोठे पाहिले. दोघांना वाटलं, वेगवेगळे आहेत. पण एकाच वसाहतीतले कामकरी आहेत हे, काही बारके राहतात, काही थोराड होतात."

"होऊ देत की."

"एका प्रजातीला एकच नाव चालतं, आई. आधीचं."

मी तिच्याकडे पाहिलं. मग पेटीकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"तुला हे आधीपासून ठाऊक होतं?"

"संशय होता. सिद्ध करायचं तर राणी पाळून बघावं लागतं."

"आणि म्हणून माझ्याकडे आणून ठेवलीस."

"तू जगवतेस सगळं. तिकडे विभागात दोनदा राणी मेली."

ती हे कौतुकानं म्हणाली, यानंच मला जास्त लागलं. मी म्हटलं, "लिहू नकोस."

"मी नाही लिहिलं तर दुसरं कोणीतरी लिहील."

"मग दुसऱ्याला लिहू दे! बापाचं नाव पुसायला पोटचीच पोर हवी होती का?"

"पुसलं जात नाही गं. खाली जातं. मुख्य नावाच्या खाली बारीक अक्षरात राहतं. लाल चिठ्ठीही तशीच राहते, ती कोणी काढत नाही."

"बारीक अक्षरात! तुझ्या आत्याला सांग ते, कंबरेवर हात ठेवून."

तिनं टॉवेल डोक्याला गुंडाळला. "मला खोटं करता येत नाही. बाबांसाठीसुद्धा नाही."

"खोटं कोण करायला सांगतंय? गप्प बस म्हणतेय. गप्प बसायला काय शिक्षण लागतं?"

ती तयार व्हायला आत गेली. विभागात एक कायमची जागा निघाली होती आणि ती या कामावर मिळण्यासारखी होती, हे मला नंतर कळलं. तेही तिच्याकडून नाही, विभागाच्या शिपायाकडून.

मी सरांकडे गेले. सर आता निवृत्त, गुडघे गेलेले, बाल्कनीत कुंड्यांमध्ये बसलेले. मला बघून त्यांना आनंद झाला. मी सांगितलं तेव्हा ते हसले.

"अहो वहिनी, माझी अशी कितीतरी नावं गेली. आमच्या धंद्यात चालायचंच."

"माझ्या धंद्यात एकच होतं. तुम्ही तिला सांगा. तुमचं ऐकेल."

"काय सांगू? तिचं बरोबर आहे."

"म्हणजे तुमचं चुकलं."

सरांनी एका कुंडीतलं वाळलेलं पान खुडलं, ते चुरगळलं, मग दुसरं खुडलं.

"मला तेव्हाच शंका होती," ते म्हणाले. "त्याच ढोलीत बारकेही होते. खालून मीच पाहिले होते. एखादं वर्ष थांबलो असतो, राणी शोधली असती, तर कळलं असतं."

"मग का थांबला नाहीत?"

"मीच चढवलं होतं त्याला. तुमच्या दारात रिकाम्या हातानं कसा येणार होतो, वहिनी?"

त्यांच्या सुनेनं चहा आणला होता. मी तो तसाच ठेवला आणि उठले. लोक भेटायला येताना बिस्किटांचा पुडा आणतात. सरांनी मुंगळा आणला होता. मी तो इतकी वर्षं काचेत ठेवून पुसत बसले.

त्यानंतर मला वाटलं तर मी पेटी उन्हात ठेवू शकले असते. साखरपाणी बंद करू शकले असते. लेक तेव्हा दौऱ्यावरच होती. घरी पोचले तेव्हा बोळा वाळून कडक झाला होता आणि सगळे त्याच्याभोवती गोळा होऊन मिशा हलवत होते, मोठ्या डोक्याचेही. आता ते बरेच झाले होते. मी उभी राहून बघितलं. मग बोळा बदलला. भुकेल्या जिवावर राग काढायची मला सवय नाही, एवढंच.

लेख छापून आला. लेकीला कायमची जागा मिळाली. तिनं मला लेखाचं शेवटचं पान उघडून दिलं, हौसेनं. तिथे लिहिलं होतं की वसाहतीची निगा राखल्याबद्दल आईचे आभार. परकी अक्षरं, पण मला वाचता येतात. नवऱ्याचं नाव त्याच लेखात आत होतं, बारीक अक्षरात, तिनं सांगितलं होतं तसंच. आणि वर, मोठ्या अक्षरात, पहिल्या माणसानं दिलेलं नाव. त्याचा अर्थ काय, मी विचारलं.

"मळकट," ती म्हणाली. "रंगावरून ठेवलंय."

मी संग्रहालयात जाऊन पाहिलं. खणावर नवी चिठ्ठी आहे. ती चिकटवणाऱ्याचा काही दोष नाही, सरळ चिकटवलीय.

लेक म्हणाली, आता वसाहतीचं काम झालं, राणीला स्पिरिटच्या बाटलीत ठेवू, पुरावा म्हणून. मी म्हटलं, तिला हात लावू नकोस. पहिल्यांदाच ती माझं ऐकून गप्प बसली. गप्प बसता येतं तिला.

परवा नणंद आली. तिला कोणी काही सांगितलेलं नाही, सांगायचंही नाही असं मी लेकीला बजावलंय. नणंदेची नजर आता अधू झालीय. पेटीच्या काचेला नाक लावून ती बघत राहिली.

"वहिनी, हाच का गं आमच्या भावाचा?"

"हाच."

"एवढासा? मी आपली वाघासारखा सांगत आले." तिनं पदरानं काच पुसली, पुन्हा नाक लावलं. "आणि मळकटच दिसतो की गं."

"हो," मी म्हटलं. "मळकटच आहे."

"असू दे. नाव आहे ना." ती खुर्चीत बसली, समाधानानं. "नावच राहतं शेवटी."

मी साखरपाण्याची वाटी भरायला आत गेले. बोळा वाळत आला होता.