तीन शब्दांची चिठ्ठी

आत्याने तिसरी खुर्ची फरशीवरून खरडत आणली आणि तिची पाठ बाकीच्या दोन खुर्च्यांच्या पाठींना भिडवली. आता तिन्ही खुर्च्यांची तोंडं तळघराच्या तीन भिंतींकडे झाली.

"बसा," ती म्हणाली. "आणि दादा, मागे वळून बघायचं नाही. गेल्या वर्षी बघितलं होतंस."

"मान अवघडली होती माझी."

"हो, आणि ती नेमकी माझ्याच चिठ्ठीकडे वळून मोकळी होणार होती."

दादाची धाकटी लेक टाकीच्या नळाशी उभी राहून पेले भरत होती. बहीण-भावाच्या या चकमकीत ती एरवी उडी घ्यायची, पण आज तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिरक्या धरलेल्या पेल्यात बिअर सावकाश चढत गेली. रंग गडद तपकिरी, दिव्यासमोर धरलं तर कडेला लालसर, आणि वर साईच्या रंगाचा बोटभर फेस. जर्मन पद्धतीची ही कडक लागर बिअर वर्षातून एकदाच व्हायची: मोड आणून भाजलेलं जव, म्हणजे माल्ट, सढळ हाताने, कडवटपणा आणणारे हॉप्स बेताचे, आणि मग चार महिने थंड टाकीत नुसतं पडून राहायचं. टाकी उघडायच्या दिवशी सकाळपासून कोणी चहासुद्धा घ्यायचा नाही, त्यामुळे आत्याचा पारा दहा वाजेपर्यंत चढलेलाच असायचा.

नियम बाबांनीच घातलेले होते. पाठीला पाठ लावून बसायचं, बोलायचं नाही, तीन घोट घ्यायचे आणि तीन शब्द लिहायचे; 'पावाची कड' असलं काही एकच शब्द धरायचं. 'छान', 'मस्त', 'झकास' असलं काही कोणी लिहिलं, तर पेले त्यानेच धुवायचे. मग चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात पडायच्या आणि आत्या त्या मोठ्याने वाचायची. गेल्या पंचवीस वर्षांतली एकही चिठ्ठी टाकून दिलेली नव्हती.

बाबांना सगळे 'नाकवाले' म्हणायचे. पिंपाच्या बुचावरून नाक फिरवून आत काय बिनसलंय ते सांगणारा दुसरा माणूस कोणी पाहिला नव्हता. दोन हिवाळ्यांपूर्वी ते तापाने आडवे झाले. आठवड्याभरात ते उठले, नाक मात्र उठलं नाही. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. धाकटीला कळलं ते दुधामुळे. शेगडीवर दूध जळून काळंठिक्कर पडलं होतं, वास पार जिन्यापर्यंत पोचला होता, आणि बाबा शेजारच्याच खुर्चीत वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसले होते.

त्याच वर्षी त्यांनी बिअरचं काम तिच्या हाती सोपवलं. तिच्या पहिल्या टाकीला त्यांनी लिहिलं: 'मनुका, पावाची कड, जळकी साखर'. धाकटी हरखून गेली. नंतर डबा आवरताना तेच तीन शब्द, त्याच क्रमाने, नऊ वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर सापडले. पुढच्या वर्षीचे शब्द बारा वर्षांपूर्वीचे निघाले. हे बोलून दाखवून बाबांना चव घ्यायच्या त्या खुर्चीतून उठवायचं तिच्या जिवावर आलं. पण आपली बिअर खरोखर कशी झालीय, हे तिला या एकाच माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि तेच होत नव्हतं. गिऱ्हाइकं मस्त म्हणायची. गिऱ्हाइकांचं काय, हातात थंड पेला आला की ती मस्तच म्हणतात.

त्यात यंदा तिने घोळ घालून ठेवला होता. या बिअरसाठी गरम पाण्यात मुरणाऱ्या माल्टचा तिसरा हिस्सा वेगळ्या पातेल्यात काढून उकळायचा आणि परत मोठ्या भांड्यात ओतायचा. ढवळणारा हात थांबता कामा नये. तिचा थांबला. जिन्यात उभ्या असलेल्या आत्याशी तिची पडद्यांच्या रंगावरून जुंपली होती, तीही चांगली पाच मिनिटं. पुन्हा उलथनं फिरवलं तेव्हा तळाशी खरखर लागली. तिने वरचं तेवढं हलक्या हाताने ओतून घेतलं, पातेलं घासून टाकलं आणि तोंडाला कुलूप लावलं. आता तिचं तिलाच काही ठरवता येत नव्हतं. मनात धास्ती असल्यामुळे करपल्याचा वास तिला हल्ली आंघोळीच्या पाण्यालाही यायचा.

तिने पेले वाटले आणि आपल्या खुर्चीत बसली.

पहिल्या घोटाला ताज्या पावाची खरपूस कड आली. दुसऱ्याला सुकं अंजीर आलं, पाठोपाठ थोडी मनुका, आणि जिभेवर दाट, गोडसर काहीतरी पसरलं, पण चिकटून राहिलं नाही. तिसरा घोट घशाखाली उतरला आणि छातीत छान ऊब दाटली. आणि त्याच्याही मागे? होतं की नव्हतं? तिने 'अंजीर, पावाची कड, ऊब' लिहिलं आणि नियम तीनच शब्दांचा आहे याचं तिला फार बरं वाटलं.

मागून बाबांनी पेला हुंगल्याचा आवाज आला. मग पुन्हा आला. गेली दोन वर्षं त्यांची पेन्सिल लगेच चालायची, अगदी घाईने. आज ती चालेना. खुर्ची करकरली.

"दादा, हा चौथा घोट!" आत्या ओरडली.

"तू गप्प बस."

अखेर पेन्सिल चालली. डब्यात तीन चिठ्ठ्या पडल्या आणि आत्याने चष्मा नाकावर ढकलला.

"ही माझीच. खजूर, कॉफी, मस्त."

"आत्या, मस्त?"

"मस्तच आहे तर दुसरं काय लिहू? धुते मी पेले." तिने धाकटीची चिठ्ठी वाचली आणि शेवटची उघडली. "अंजीर. ऊब." ती थांबली. चिठ्ठी लांब धरून तिने पुन्हा बघितली. "करपलंय? दादा, असं लिहितात का? पोरगी वर्षभर मरमर मरते, आणि—"

"थोडंसंच आहे," भिंतीकडे तोंड करूनच बाबा म्हणाले. "घोट गिळला की मागून येतं. तळ लागला होता का गं?"

धाकटीने दोन्ही हात तोंडावर घेतले. आधी आत्याला वाटलं, पोरगी रडतेय. ती रडत होतीच, पण त्याहून जास्त हसत होती.

"लागला होता, बाबा! चांगला लागला होता!"

"मग हसतेस काय? वर्षाची बिअर आहे ही!" बाबा खुर्चीसकट वळले. "चूक झाली, ती लपवलीस, आणि वर हसतेस?"

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"वास यायला लागून."

बाबांनी पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला, त्याची कड अंगठ्याने पुसली.

"अकरा," ते म्हणाले. "आधी साबणाचा आला. न्हाणीघरात तासभर बसलो होतो हातात वडी घेऊन. मग तुझ्या आत्याच्या डोक्याच्या तेलाचा आला. तो नसता आला तरी चाललं असतं." मग ते हळूच म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"दूध जळलं तेव्हापासून."

"आणि मला तेल बदललं तेव्हापासून," आत्या म्हणाली. "एरवी तू घर डोक्यावर घेतलं असतंस. चकार शब्द बोलला नाहीस."

"मग विचारलं का नाहीस?"

"का विचारू? दोन वर्षं तू माझ्या कशातही नाक खुपसलं नाहीस. सुखात होते मी."

बाबा आधी गोरेमोरे झाले, मग त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं आणि ते आवरेना. अकरा दिवस हा आनंद त्यांनी एकट्याने सांभाळला होता, कारण बाकीच्यांच्या लेखी जे गेलंच नव्हतं ते परत आलं असं सांगायचं तरी कोणाला? तिघंही डोळे पुसत हसत राहिले.

"टाकी अजून महिनाभर बंद ठेव," बाबा शेवटी म्हणाले. "वास बसेल खाली. नाही बसला तर आपण तिघं संपवू. आणि त्या पडद्यांचं काय ठरलं?"

धाकटी टाकीमागच्या फळीकडे गेली, रिकामे डबे बाजूला सारले आणि दोन बाटल्या घेऊन आली. दोन्हींवर धुळीचा थर होता. दोन्हींच्या गळ्यात दोऱ्याने जाड कागदाची चिठ्ठी बांधलेली होती. एकीवर दोन वर्षांपूर्वीची तारीख, दुसरीवर गेल्या वर्षीची, आणि दोन्ही तारखांखाली तीन कोऱ्या ओळी.

बाबांनी बाटल्या बघितल्या, चिठ्ठ्या बघितल्या आणि मग तिच्याकडे बघितलं.

"या ठेवल्या होत्यास?"

"ही कडक बिअर टिकते," धाकटी म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. आत्यानेही आपली वळवली, न सांगता. धाकटी पाठ करून बसली आणि मांडीवर हात दाबून धरले. पहिल्या बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ नुसतं हुंगणं. एक घोट, दुसरा, तिसरा. नियमाप्रमाणे. दुसरं बूच निघालं. पुन्हा तेवढाच वेळ.

पेन्सिल दोनदा चालली, दोन्ही वेळा अगदी थोडी.

डब्याचं झाकण लागलं. बाबा उठले, त्यांनी बाह्या कोपरापर्यंत वर दुमडल्या आणि मोरीकडे जाऊन नळ सोडला.

"ते पेले आण इकडे," ते आत्याला म्हणाले. "आज मी धुतो."