अदिशेची नजर

आदिनाथने फासा टाकला तो नेमका सुपात, तुरीच्या हिरव्या दाण्यांत जाऊन पडला. शेंगा सोलणाऱ्या कडूबाई वाकल्या आणि वरच्या पैलूवरचा आकडा वाचून म्हणाल्या,

"तीन हाय. लय वाईट हाय का?"

"मेलोच की मी, माय!" आदिनाथ भिंतीला टेकला.

दिवसभर बोरीच्या बाजारात खताच्या गोण्या विकणारा हा गडी रविवारी दुपारी ओसरीवर बसला की महावीर तेजभास्कर व्हायचा. त्याची बहीण राजेश्री नीलझेप व्हायची आणि उडायची. खेळाला पट नाही, मोबाइल नाही. मंजुषा, म्हणजे त्यांची वहिनी, गोष्ट सांगायची. हे दोघे आपापले वीर काय करतात ते बोलायचे. आणि जमलं की फसलं ते वीस पैलूंचा फासा ठरवायचा. कडूबाई खेळत नसत. पण रविवारी शेंगा सोलायला त्यांना ओसरीच लागायची, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

"तेजभास्कर अदिशेत पडला," मंजुषाने सांगितलं. "तिथं वर न्हाई, खाली न्हाई. उजेड हाय, पण कुठून येतो ते कळत न्हाई. अन् समोर काहीतरी हाय. त्याला तोंड न्हाई, डोळे न्हाईत. पण त्याचं तुझ्याकडं लक्ष गेलंय."

"मी सूर्यबाण सोडतो."

"बाण त्याच्यात विरून गेला. तू आणखीच ठळक दिसायला लागलास."

"डोळे न्हाईत म्हन्तीस," कडूबाईंनी मध्येच विचारलं, "मंग त्याला दिसतं कसं?"

राजेश्री हसली, पण मंजुषा थांबली. इतक्या रविवारांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"त्याला एवढंच कळतं, आत्याबाई. कोण कुणाला हवंय ते. जे लय हवंसं असतं तेच त्याला दिसतं. अन् तेच ते नेतं."

"राग असतो का त्याला आपला?"

"राग बी न्हाई."

"हां," कडूबाई म्हणाल्या, आणि हातातली शेंग तशीच राहिली.

ही अदिशा मंजुषाला सुचली होती परभणीच्या दवाखान्यात, गेल्या वर्षी. पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं, दुसरं आठव्यात. दुसऱ्या वेळी छताकडे बघत पडल्या पडल्या तिने ती जागा रचली. घरच्यांना वाटलं, पोरगी खेळात मन रमवते आहे, बरं झालं. आता तिसऱ्यांदा सातवा सरत आला होता. डॉक्टर सगळं ठीक म्हणत होते, आणि ठीक नव्हती ती फक्त सासू. मंजुषाची आई डोहाळजेवणाला हिरवी साडी घेऊन आली, तर कडूबाईंनी तिला चहा पाजून साडीसकट परत पाठवलं. शेजारच्या सरजाबाईंनी कौतुकाने विचारलं, तर "कशाचं काय, खाऊन खाऊन पोट सुटलंय तिचं," असं तोंडावर सांगितलं. मंजुषा त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली. या घराला माझं लेकरू नकोय, हे तिच्या मनात पक्कं बसलं. उद्या सकाळी ती माहेरी, परभणीला, जाणार होती. बाळंतपणानंतरही इथं परतायचं नाही, हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

"मी दादाला सोडवायला अदिशेत झेप घेते," राजेश्री म्हणाली. "सगळी शक्ती लावून!"

"येडी का काय तू?" कडूबाई एकदम पुढे सरकल्या. "शक्ती लावली की त्याला कळतंय ना, ह्यो ह्यांना हवाय म्हनून. टाकून दे त्याला."

"टाकून?"

"टाकून म्हंजी टाकून. नगं म्हन."

"माय, तुला काय माहीत अदिशेचं?" आदिनाथ म्हणाला.

"मला न्हाई माहीत. माझ्या मायला माहीत व्हतं." कडूबाईंनी पुढची शेंग उचलली. "माझ्या आदी तिची चार लेकरं गेली. मी झाले तवा तिनं मला न्हाऊ-माखू न घालता उकिरड्यावर नेऊन ठिवलं. शेजारची खाला आली, उचलून घरी घेऊन गेली. मंग मायनं सूपभर कोंडा दिला अन् मला इकत घेतलं. नाव ठिवलं कडू. नेणाऱ्याला वाटावं, हे काय कामाचं न्हाई."

आदिनाथ आपल्या आईकडे पहिल्यांदा पाहिल्यासारखं पाहत राहिला.

"अन् मग?" मंजुषाने विचारलं.

"मंग काय, जगले. पर माय कधी गोड बोलली न्हाई. लोकांच्या लेकरांचे मुके घ्यायची, मला म्हनायची, सरक तिकडं. मला वाटायचं, हिचा लय राग हाय आपल्यावर." त्यांनी सोललेले दाणे सुपात लोटले. "लगीन झालं, सासरी निघाले, जीपमधी बसले. तवा तिनं गालावरून हात फिरवला. पहिल्यांदाच."

मंजुषाने मान वर केली. कडूबाई तिच्याकडे पाहत नव्हत्या. मंजुषाच्या ध्यानात आलं, गेले सात महिने त्या तिच्याकडे नीट पाहतच नव्हत्या. ती वळली की मात्र पाठीला त्यांची नजर जाणवायची. सात महिने ही बाई एकटीच पहारा देत होती आणि आपण तिला वैरीण समजत होतो, याची तिला लाज वाटली.

"वैनी, खेळा ना," राजेश्री हळूच म्हणाली. मग तिने हात झटकले. "तेजभास्कर? कोण तेजभास्कर? नुसता खायला काळ. न्यायचा तर न्या बाई."

फासा पडला. अठरा.

"त्याचं लक्ष उडालं," मंजुषा म्हणाली. "तेजभास्कर सुटला."

आदिनाथ ओरडतच उठला, तर कडूबाईंनी त्याचा हात धरून खाली बसवलं.

"गप! वरडू नको. परत आल्यावर तर लय जपावं लागतं. दात काढायचे न्हाईत. आला का मुडदा, म्हनायचं अन् घरात घ्यायचं."

तेवढ्यात मंजुषा दचकली. पोटावरची साडी एका जागी चांगली उचलली गेली आणि खाली बसली. राजेश्रीचं तोंड उघडं पडलं. कडूबाईंचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला.

"काय झालं?" त्यांनी अंगणाकडे बघत विचारलं.

मंजुषाला सांगायचं होतं. ओरडून साऱ्या बोरीला सांगायचं होतं.

"काई न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "पायाला मुंग्या आल्या."

"बसून बसून येणारच," म्हणत कडूबाई उठून आत गेल्या. आल्या त्या डब्यात गहू घेऊन. "पदर पसर. एवढे निवडून दे."

त्यांनी मुठीमुठीने गहू तिच्या ओटीत घातले. शेवटच्या मुठीला हात थोडा जास्त वेळ तिथंच राहिला.

"वैनी, पर तुमी तर उद्या परभणीला जायलात ना?" राजेश्रीने विचारलं.

मंजुषाने ओटीत पाहिलं. गहू स्वच्छ होते, औषधाला खडा नव्हता.

"आता कसली जाते," तिने तोंड वाकडं केलं. "एवढे खडे कोण काढणार मग?"