वेंडेलचे उंदीर आणि हेरिंगचा वास

वेंडेल थोर्सरूडला त्याच्या उंदरांनी सबंध हिवाळाभर छळलं. आम्ही दोघं अमेरिकेतल्या डुलुथ शहरात एकाच लॅबमध्ये पीएचडी करत होतो, त्यामुळे त्याचं रडगाणं रोज माझ्या कानावर.

प्रयोग तसा साधा होता. उंदराला चौकोनी पेटीत ठेवायचं, शिट्टी वाजवायची आणि लगेच पायाखालच्या सळ्यांतून बारीकसा झटका द्यायचा. मग त्या पेटीत परत ठेवलं, की तो शिट्टीआधीच थिजतो. ती जागाच त्याला वैरीण वाटते. पण अगदी वेगळ्या पेटीत ठेवलं तर त्यानं आधी निवांत हुंगत फिरावं आणि शिट्टी ऐकल्यावरच थिजावं, अशी अपेक्षा.

वेंडेलचे उंदीर नव्या पेटीतही पाय टेकताच दगड व्हायचे.

"रूथी, भिंती गोल केल्या, पट्ट्यांचा कागद लावला, संत्र्याचा वास फवारला, दिवासुद्धा लाल! आता काय पडदे शिवू?"

"शीव की. झालरीचे शीव."

वेंडेलला थट्टा कळत नसे. सोमवारी तो खरंच पडदे घेऊन आला, आईकडून शिवून घेतलेले. उंदीर झालरीखाली थिजले.

मग त्याला फ्लू झाला आणि त्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी उंदीर गोल पेटीत सोडले, तर काय, एक मिशा साफ करतोय, दुसरा पडद्याला लोंबकळतोय! शिट्टी वाजली तेव्हा मात्र शहाण्यासारखे थिजले.

बरा होऊन आलेल्या वेंडेलला हे सांगितलं, तर तो दुखावलाच. "म्हणजे तू आवडतेस त्यांना?" असं म्हणत तो पेटीवर वाकला. आतला उंदीर जागच्या जागी गोठला.

मी वेंडेलचा हात धरून हुंगला. "अरे देवा! रोज जेवताना ती व्हिनेगरातली हेरिंग बोटांनी खातोस ना? त्यांच्या लेखी गोल नि चौकोनी सगळं झूट. मासळीचा वास आला की झटका आलाच."

"पण हेरिंग तर माझे आजोबाही खायचे!"

"आजोबा कुणाला झटके द्यायचे का?"

हेरिंग सोडायला तो तयार होईना. शेवटी त्यानंच तोड काढली: चौकोनी पेटीला जुना वेंडेल, गोल पेटीला नवा. नव्या उंदरांची तुकडी आली. गोल पेटीच्या दिवशी तो संत्र्याच्या साबणानं अंघोळ करून, हातमोजे चढवून, माझा फुलाफुलांचा गाऊन नि डोक्यावर अंघोळीची टोपी घालून आला. चालही बदलली, अगदी नववधूसारखी.

नेमक्या त्याच वेळी आमच्या प्राध्यापिका लॉरेन बोद्री आत आल्या. दारातच थबकल्या.

"वेंडेल, घरी सगळं ठीक आहे ना?"

"श्श! लॉरेन, हळू बोला. आज मी वेंडेल नाही."

लॉरेननी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

पेटीतला उंदीर मात्र मजेत हुंगत होता. त्यानं गाऊनच्या बाहीकडे नाक वळवलं, अंग खाजवलं. मग शिट्टी वाजली आणि तो क्षणात थिजला. वेंडेलनं टोपीसकट उडी मारली. लॉरेन मटकन खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"हे असंच्या असं लिही," त्या म्हणाल्या. "एक अक्षर गाळायचं नाही."

वेंडेलनं अक्षर न् अक्षर लिहिलं. जर्नलच्या परीक्षकांनी फक्त एकच शंका काढली: गाऊनवरच्या फुलांचा रंग कोणता? वेंडेल दोन दिवस गंभीरपणे विचार करत बसला. मग त्यानं उत्तर धाडलं, "निळा. पण उंदरांचं काही म्हणणं नव्हतं."

लेख छापून आला.