सव्वा वर्ष न फुटलेला नारळ

मी नारळ बोलतोय. जरा घाईत आहे, तेव्हा मध्येच थांबवू नका.

आमच्या जातीचं आयुष्य मोजकं असतं. झाडावरून उतरायचं, गोणीत बसायचं, देवापुढे फुटायचं आणि वाटीभर चटणीत संपायचं. मीही दक्षिणेकडून ट्रकमध्ये बसून नाशकात आलो, तो याच तयारीने. पंचवटीतल्या एका हातगाडीवर उत्तराताईंनी मला उचललं, कानाशी नेऊन हलवलं, खाली ठेवलं, आणखी सहा जणांना हलवलं आणि शेवटी मलाच घेतलं. लग्न जमवताना माणसं इतकं कान लावून ऐकतील तर फार बरं होईल.

उत्तराताई बँकेतून निवृत्त झालेल्या. माहेर रामकुंडावर पौरोहित्य करणाऱ्यांचं, त्यामुळे पूजाअर्चा अंगात मुरलेली. निवृत्तांच्या एका मंडळातर्फे त्या आजूबाजूच्या शाळांत जायच्या आणि मूल्यशिक्षणाच्या तासाला मुलांना सगळ्या धर्मांची ओळख करून द्यायच्या. सोमवारी एकलहरे, बुधवारी चांदवड. त्यांच्या पिशवीत तांब्याचा कलश, एक जाळीदार टोपी, जपमाळ, मेणबत्ती आणि मी, असे सगळे गुण्यागोविंदाने राहायचो.

पहिल्या तासाला ताईंनी कलशात पाणी घातलं, विड्याची पानं लावली, मला वर बसवून कुंकू लावलं. कलश का मांडतात, नारळ का वाढवतात, सगळं इतकं छान सांगितलं की मी फुटायला अगदी आतुर झालो. तेवढ्यात घंटा झाली. ताईंनी मला ओल्या रुमालाने पुसलं आणि पिशवीत टाकलं. "पुढच्या वेळी फोडू हं," त्या मुलांना म्हणाल्या.

ही पुढची वेळ काही येईना. ओटीतलं एकच ब्लाउजपीस चार घरं फिरून पुन्हा मूळ बाईकडे येतं ना, तसा मी शाळाशाळांतून फिरत राहिलो. मेणबत्ती नाताळच्या धड्याला पेटायची. तिचा मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. माझ्यातलं पाणी आटलं. आत काहीतरी सुटून गडगडायला लागलं. मुलं मला खुळखुळ्यासारखी हलवायची आणि मी मोठ्या ऐटीत वाजायचो.

चांदवडच्या सहावीतली आरोही मात्र दर बुधवारी हात वर करायची. "ताई, फोडायचा कवा?"

"पुढच्या वेळी, बाळा."

ताई आधी काटकसर म्हणून मला फोडत नव्हत्या. पुढे पुढे त्यांना भीती वाटायला लागली. इतका जुना नारळ, मुलांसमोर नासका निघाला तर? घरी जाऊन मुलं सांगणार, शाळेत नारळ नासका निघाला, आणि मग आईबाप काय काय अर्थ काढतील, कोण जाणे. मलाही धास्ती होतीच. आपल्या पोटात काय आहे हे आपल्याला थोडंच दिसतं?

अशातच चांदवडच्या शाळेत ताईंना एक कुणकुण लागली. शाळा समितीचे अध्यक्ष पुंजाआबा म्हणाले, हा तास काढून शिष्यवृत्तीच्या गणिताला द्या. आबा कांद्याचे बागायतदार, बोलणं कमी, नजर बारीक. मुख्याध्यापक शेखर सरांनी कसंबसं पटवलं, की आधी एक तास बघा तरी. ताईंची त्या रात्री झोप उडाली. हा तास गेला असता तर त्यांचा बुधवार गेला असता, आणि त्यांच्या आठवड्यात सोमवार-बुधवार सोडले तर फारसं काही नव्हतं.

आबा मागच्या बाकावर येऊन बसले, शेजारी शेखर सर. ताईंनी कलश मांडला, मला बसवलं, आणि आज त्या कधी नव्हे एवढ्या रंगल्या. शेवटी म्हणाल्या, "धर्म कुठलाही असो, देवापुढे खोटं चालत नाही."

आरोहीचा हात वर गेला. "मग ताई, फोडायचा कवा?"

"काय फोडायचं गं?" आबांनी विचारलं.

"हा नारळ, आबा. एकच हाय. मी पाचवीत होते तवापासून येतो. ताई दर टायमाला पुढच्या वेळी म्हणत्या."

शेखर सर गडबडीने म्हणाले, "अहो, तो नमुन्याचा आहे." ताई खाली बघत उभ्या होत्या. मला त्यांची फार कीव आली आणि स्वतःची लाज वाटली.

"नमुन्याचा नाही," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "मी मुलांना सव्वा वर्ष फसवलं. नासका निघेल म्हणून घाबरत होते. आरोही, चुकलं माझं."

आबा उठले. "बाई, फोडा. निघंल तसा निघंल."

सगळा वर्ग बाहेर आला. पायरीच्या दगडावर ताईंनी मला आपटलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा करवंटी उकलली आणि आतून मी घरंगळत बाहेर आलो. अख्खा गोटा, तपकिरी, कोरडाठाक, कुठे डाग नाही. आबांनीच खिशातल्या चाकूने माझे तुकडे केले. आरोहीने ते वाटले. आबांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि पुढची दहा मिनिटं ते नुसते चावत राहिले. सरांचा जीव टांगणीला. शेवटी गिळून आबा म्हणाले, "लय गोड हाय. तास राहू द्या, सर. गणितासाठी शनिवार बघा. पण बाई, दर टायमाला नवा नारळ आणायचा आन फोडायचा."

आता ताई हायवेवरच्या थांब्यावर नाशिकच्या एसटीची वाट बघत बसल्यात. माझा शेवटचा तुकडा त्यांच्या हातात आहे, आणि मी त्यातूनच बोलतोय. त्यांनी अजून खाल्लेला नाही. आत्ताच एकदा रुमाल काढला, तुकडा त्यात गुंडाळायला घेतला, आणि थांबल्या. ताई, हात जोडतो. पुढच्या वेळी म्हणू नका.

हसल्या. रुमाल पर्समध्ये गेला. बरं मंडळी, येतो मी. ताईंनी तोंड उघडलंय.